‘फोटो कशाला काढायलीस?’

ताई,

मी सत्तावीस वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरात तेलुगू, शाळा मराठी. आजोबा गिरणीत होते, वडील यंत्रमागावर आहेत. कलेची पदविका घेतली आणि तेव्हापासून एका सेकंडहँड कॅमेऱ्यानं गावातलं रोजचं जगणं टिपते. कन्ना चौकातली सकाळ, एसटी स्टँडवर ताटकळलेली माणसं, लक्ष्मी मंडईतली घासाघीस. तीन-चार मिनिटांच्या छोट्या फिल्मही करते. त्यात गोष्ट नसते, निवेदनही नसतं.

मध्यंतरी शेजारच्या अक्का दारात बिड्या वळत बसल्या होत्या. उजेड सुंदर होता. फोटो काढला, इन्स्टाग्रामवर टाकला, लाइक भरपूर आले. मग त्यांचा मुलगा घरी आला. म्हणाला, ‘आमची गरिबी विकायलीस काय?’ मी फोटो काढून टाकला. पण तेव्हापासून माणसांच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरवत नाही. पाठमोरी माणसं, चपला, सावल्या एवढंच काढते.

पुण्यातल्या एका गॅलरीत काम दाखवलं, तर म्हणाले, ‘यात सोलापूर कुठे दिसतंय? चादरी, नंदीध्वज असं काही आणा.’ वडील म्हणतात, ‘यात स्टोरी कुठाय? त्यापेक्षा लग्नाच्या ऑर्डरी घे.’ चौकात लोक विचारतात, ‘फोटो कशाला काढायलीस?’ आणि मला उत्तर सुचत नाही. पुण्या-मुंबईला निघून जावं का? तिथं कुणी ओळखीचं नसेल, काम तरी मोकळेपणानं होईल.

– अशोक चौकाजवळची एक

*

प्रिय अशोक चौकाजवळची,

प्रश्न चार विचारलेस, पण तुझं घोडं अडलंय एकाच ठिकाणी, अक्कांच्या दारात. म्हणून आधी तिथंच बसू. बाकीच्यांना ओघात उत्तरं मिळतील.

अक्का दारात बसतात हे सगळी गल्ली रोज बघते. त्याचा राग मुलाला कधी आला नाही. मग तुझ्या फोटोचा का आला? गल्ली बघते तेव्हा तिला ठाऊक असतं की या कोण, कुणाच्या लग्नात पुढं होऊन राबल्या, कुणाशी भांडल्या, कुणाला अडीनडीला पैसे दिले. इन्स्टाग्रामवर बदाम दाबणाऱ्याला यातलं काही माहीत नाही. त्याला दिसली छान उजेडातली एक गरीब बाई. मुलाला आपली आई त्या परक्या नजरेतून अचानक दिसली आणि ते त्याला सोसलं नाही. ‘विकायलीस’ हा शब्द तुला अन्यायाचा वाटला असेल, कारण पैसा तर एक मिळाला नाही. पण लाइक मिळाले, आणि त्यातला एकही अक्कांच्या वाट्याला आला नाही. हिशेब म्हणून पाहिलं तर पोरगा फार चुकीचं बोलला नाही.

आणखी एक गोष्ट बघ. तुला जे दार दिसलं ते अक्कांचं कामाचं ठिकाण आहे. पानं आणि तंबाखू कारखान्यातून आणायचा, पानं भिजवून कापायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, मोजून कट्टे करायचे आणि नेऊन द्यायचे. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं. सैल बांधलेली, कमी भरलेली बिडी तिथं बाजूला काढली जाते आणि नुकसान वळणाऱ्या बाईचं. हे काम घरात चालतं म्हणून ते बाहेरच्याला काम वाटत नाही, विरंगुळा वाटतो. तू या गल्लीत वाढलीस, तुला हे सगळं पाठ आहे. तरी फोटोत यातलं काय उतरलं? पत्रात तू फक्त उजेडाबद्दल लिहिलंयस. मला वाटतं, फोटोतही तेवढंच होतं.

कायद्याचं एका वाक्यात सांगते. रस्त्यावर, चौकात, बाजारात उभं राहून फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. पण कायदा जिथं थांबतो तिथं शेजार संपत नाही, आणि तुझा कारभार रोज शेजाऱ्यांशी आहे. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आईबापांना विचारल्याशिवाय चेहरा कुठंही टाकायचा नाही, यावर चर्चा नको. रेल्वे स्टेशनवर स्टँड लावून शूटिंग करायचं असेल तर आधी रेल्वेची परवानगी काढ.

आता करायचं काय. तो फोटो लॅबमध्ये जाऊन छापून घे. फ्रेम नको, फ्रेममुळे उगाच सत्कार केल्यासारखं वाटतं. साधा प्रिंट घे आणि मुलगा घरी असताना जा. तो नसताना गुपचूप अक्कांना भेटून यायचा मोह होईल, तो टाळ. फोटो हातात दे आणि गप्प बस. ‘मी कलाकार आहे, माझा हेतू असा होता’ हे भाषण तर नकोच. त्यांना नको असेल तर प्रिंट तिथंच ठेव आणि तो फोटो आयुष्यात पुन्हा कुणाला दाखवू नकोस. पण बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी होतं. अक्का म्हणतील, ‘अगं, त्या दिवशी जुनी साडी नेसले होते की.’ किंवा मुलगा म्हणेल, ‘कारखान्यात बिड्या कशा बाजूला काढतात ते का नाही दाखवत?’ असं काही निघालं की तुझ्या कामाला सुरुवात झाली. मग विचार, ‘एक दिवस सकाळपासून बसू का तुमच्याजवळ?’

तू म्हणशील, विचारून काढलेल्या फोटोत रोजचं जगणं कुठलं? सगळे पोझ देतात. ही शंका जुनी आहे. तिला माझं उत्तर सिनेमाच्या जन्मापासूनचं आहे. १८९५ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात ल्युमिएर बंधूंनी आपल्याच कारखान्यातून सुट्टी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. बायका, पुरुष, सायकलवाले, मध्येच एक कुत्रा. रोजच्या जगण्याची फिल्म म्हणून सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. पण तिच्या तीन आवृत्त्या आहेत. म्हणजे तेच कामगार त्याच फाटकातून पुन्हा पुन्हा बाहेर पडले, आणि समोर मालकाचा कॅमेरा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी तो कारखाना, ती घाई, ते कपडे खोटे ठरले नाहीत. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचे खेळ झाले. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मूळचे फोटोग्राफर. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. त्या पैलवानांनाही कॅमेरा माहीत होताच. कॅमेऱ्याची माणसाला सवय होते, फक्त तेवढा वेळ तिथं थांबायची तयारी हवी. पहिल्या तासाला अक्का पदर नीट करतील, तिसऱ्या तासाला तुला हाक मारून सांगतील, ‘ते पाणी दे जरा इकडं.’

आणि ते पाठमोरे फोटो बंद कर. स्पष्ट बोलते. चेहरा टाळला की माणसाचा मान राखला, असा एक समज आजकाल दिसतो. पाठ, पाय, भेगाळलेले हात, भिंतीवरची सावली. यात माणूस उरत नाही, नुसता ‘श्रमिक’ उरतो. आणि असा बिनचेहऱ्याचा श्रमिक विकायला सगळ्यात सोपा. अक्कांच्या मुलानं नेमका ज्याचा आरोप केला, त्याच दिशेनं तू घाबरून पळायलीस.

चौकातल्या प्रश्नाचं म्हणशील, तर विचारणाऱ्याला तुझी कलाविषयक भूमिका ऐकायची नसते. त्याला एवढंच बघायचं असतं की ही महापालिकेची आहे, पेपरची आहे, का उगाच उद्योग नाही म्हणून हिंडतेय. ‘कन्ना चौकात रोज काय चालतं ते जमवायलेय, तुमचा फोटो पुढच्या आठवड्यात आणून देते,’ एवढं सांग, समोरचा तेलुगू असेल तर तेलुगूत, आणि पुढच्या आठवड्यात खरंच नेऊन दे. पिशवीत प्रिंटची पाकिटं ठेव. एकदा चहावाल्याच्या फळीवर त्याचा फोटो लागला की ‘कशाला काढायलीस’चं उत्तर तोच देईल. तुझ्यापेक्षा बरं देईल.

बाई म्हणून जे कुतूहल वाट्याला येतं त्याचा तू उल्लेख केला नाहीस, पण ते असणारच. होमाई व्यारावाला या आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, कॅमेरा घेऊन हिंडणारी बाई लोकांना सुरुवातीला नुसती हौशी वाटायची, कुणी मनावरच घ्यायचं नाही. त्यामुळे जिथं पुरुष छायाचित्रकाराला हटकलं असतं तिथंही आपल्याला जाता आलं, असं त्या सांगत. चौकातली माणसं तुला मनावर घेत नसतील तर सध्या घेऊ नये हेच बरं.

आता ती गॅलरी. ‘यात सोलापूर कुठे दिसतंय’ या प्रश्नाचा मला राग आला, पण तो प्रश्न फेकून देऊ नकोस. चादरी-नंदीध्वज ही त्यांनी सुचवलेली वाट आळशी आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि सात नंदीध्वज, म्हणजे त्या मानाच्या उंच काठ्या, टिपायला एवढे कॅमेरे येतात की कॅमेऱ्यांचाच फोटो काढावा. तुला यात्राच करायची असेल तर तिच्या अलीकडचं-पलीकडचं बघ. आधी काही आठवडे नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो तेव्हा जा. यात्रा उलगली की होम मैदानावर पाळणे खोलणारी माणसं असतात, न विकला गेलेला माल पुन्हा पोत्यात भरणारे दुकानदार असतात. तिथं फोटोग्राफर सहसा फिरकत नाहीत.

पण सोलापूर दिसत नसेल तर ऐकू येतंय का, हे तपास. एका चौकात पंधरा मिनिटं उभं राहिलं की मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावर पडते, आणि एकच माणूस भाजीवालीशी एका भाषेत भाव करून दुसऱ्या भाषेत फोनवर बायकोला सांगतो. असा चौक सगळीकडे सापडत नाही. तुझ्या स्थिर फोटोत हे येणार नाही, फिल्ममध्ये येईल. आणि तू पत्रात आवाजाबद्दल चकार शब्द लिहिलेला नाहीस, यावरून मला वाटतं की तू फिल्म करतेस ती हलणारा फोटो म्हणूनच. जिथं शूट करशील तिथला दोन मिनिटांचा नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेव. कुणी बोलू नये, कॅमेरा हलू नये, फक्त त्या जागेचा आवाज. संपादनाला बसशील तेव्हा तो सोन्याच्या मोलाचा होतो.

यंत्रमागाच्या कारखान्यात शूट करताना दोन गोष्टी सांभाळ. आपली वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं आणि चित्रात काळे पट्टे सरकू लागतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलंस तर तो त्रास जातो. दुसरं, मागाचा खडखडाट मोबाइलच्या माइकला झेपत नाही, आवाज फाटतो. रेकॉर्डिंगची पातळी आधीच खाली आण, नाहीतर बाहेर दरवाज्याशी उभी राहून घे. आणि आत लेन्स बदलू नकोस, सुताचे तंतू हवेत उडत असतात.

विषयच हवा असेल तर एक सुचवते. बिड्या वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या बऱ्याच कुटुंबांचा पत्ता गेल्या काही वर्षांत बदलला. सोलापूरजवळच्या कुंभारीला आधी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, दहा हजार घरांची. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगर वसाहतीतल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. जुन्या गल्लीत दार, ओटा, समोरची शेजारीण आणि काम हे सगळं एकाच ठिकाणी होतं. नव्या घरात बायका बिड्या वळायला कुठं बसतात? एकत्र बसतात का एकेकट्या? माल आणायला-द्यायला कशा जातात? वडिलांच्या ओळखीतलं कुणी तिकडं राहायला गेलं असेलच. हा विषय तुला सुचावा म्हणून सांगतेय, पुण्याला आवडावा म्हणून नाही. पण पुन्हा कुणी ‘सोलापूर कुठे’ विचारलं तर याच्यापुढे बोलायला त्याला जागा राहणार नाही. आपल्या गावात जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापड गिरण्यांच्या पाळ्या सुटताना जी गर्दी रस्त्यावर यायची तिच्याबद्दल म्हातारी माणसं तासन्‌तास बोलतात. आज तुझ्या आजोबांचा गिरणीतून बाहेर पडतानाचा एखादा फोटो घरात आहे का, बघ. नसेल तर वडिलांचा मागावरचा तरी आहे का?

वडिलांना ‘स्टोरी कुठाय’ याचं उत्तर जिल्ह्यातलंच देता येईल. एम. एफ. हुसेन पंढरपुरात जन्मले. फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात जाऊन एक छोटी फिल्म केली. तीत कथा नाही, संवाद नाही. १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात तिला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. वडिलांचं समाधान यानं होईलच असं नाही. सुवर्ण अस्वलानं घरभाडं भरत नाही, असं ते म्हणू शकतात आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून लग्नाच्या ऑर्डरी घे. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. मंगल कार्यालयातला भयंकर उजेड, एका मिनिटात उरकणारा प्रसंग, रुसलेले मामा, पाठवणीला रडणाऱ्या आयाबाया. रस्त्यावर जे कसब लागतं ते सगळं तिथं पैसे देऊन शिकवतात. फक्त एक लक्षात ठेव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तू स्वतःहून काढलेला फोटो तुझा. पण कुणी पैसे देऊन काढून घेतला तर वेगळा करार नसेल तोपर्यंत त्याचा मालक पैसे देणारा. लग्नातला एखादा फोटो पुढे प्रदर्शनात वापरावासा वाटला तर आधी लेखी ठरवून घे. सुधारक ओलवे वृत्तपत्रांत छायाचित्रकार म्हणून काम करत होते आणि त्याच काळात मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं टिपत राहिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोटाचं काम आणि आपलं काम एकाच माणसानं करण्यात विशेष काही नाही, आपल्याकडे तो रिवाजच आहे.

कुणीतरी तुला व्हिव्हियन मायरचं उदाहरण देईल. अमेरिकेत शिकागोला दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी बाई, आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढले, कुणाला दाखवले नाहीत, २००७ मध्ये लिलावात तिच्या निगेटिव्ह सापडल्या आणि जगभर नाव झालं. गोष्ट ऐकायला छान आहे. तू ती नमुना म्हणून घेऊ नकोस. तिच्या फोटोतल्या माणसांपैकी बहुतेकांना आपला फोटो कुणीतरी काढला होता हे कधी कळलंच नसेल. तू तर अशा गावात आहेस जिथं कळतं, आणि घरी येऊन जाब विचारला जातो. मला हे तुझं भाग्य वाटतं. पुण्या-मुंबईला कुणी जाब विचारणार नाही हे खरं. पण मोकळेपणा म्हणून तू जे मागतेयस ते ओळखीपासून सुटका आहे, आणि तुझ्या कामात ओळख सोडून दुसरं भांडवल मला दिसत नाही. कन्ना चौकात सकाळी सहाला बाहेरचा कॅमेरा आला तर पहिला दिवस त्याच्याकडे बघण्यातच जाईल. तू आलीस तर लोक म्हणतील, ‘अमुकची पोरगी आली,’ आणि आपल्या कामाला लागतील.

तेव्हा सध्या जाऊ नकोस. बघायला मात्र जा. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून रात्री घरी येता येतं. पुण्यात प्रदर्शनं बघ, फिल्म अर्काइव्हमध्ये काही लागलं तर बघ, दुसऱ्यांची कामं बघून जळफळाट होऊ दे. वर्षभरानं तुला इथं करण्यासारखं उरलं नाही असं वाटलं तर मला लिही, मी तुला थांबवणार नाही.

प्रदर्शनासाठी गॅलरीची वाट बघू नकोस. पहिलं प्रदर्शन गल्लीत कर. दोरी, चिमटे आणि प्रिंट. गणपतीच्या मंडळाला विचारलंस तर भिंत आणि वीज दोन्ही देतील, फिल्म संध्याकाळी भिंतीवर दाखव. ज्यांचे चेहरे आहेत त्यांनी आधी बघावं, नको म्हणाले तो फोटो तिथल्या तिथं उतरवावा. उरलेलं काम मग हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी ने आणि त्यानंतर, हवं तर, पुण्याला.

आणि तुझ्या सगळ्या फाइल एकाच हार्ड डिस्कवर असतील अशी मला दाट शंका आहे. पहिल्या लग्नाच्या ऑर्डरीतून दुसरी डिस्क घे आणि ती मावशीच्या नाहीतर मैत्रिणीच्या घरी ठेव, आपल्या घरी नको. प्रत्येक फोल्डरला तारीख, जागा आणि माणसं राजी असतील तर त्यांची नावं लिही. आजच लिही. आता सगळं आठवतं, पाच वर्षांनी मंडईतली ती दुसरी बाई कोण हे अक्कांनाच विचारायला जावं लागेल.

– ताई